मदत हवी आहे: मर्सिडीज डब्ल्यू१२३ चा डॅशबोर्ड, मूळ दुरुस्त करावा की रिप्रो (मूळासारखा नव्याने बनवलेला) बसवावा?

नमस्कार मंडळी,

१९८२ ची मर्सिडीज डब्ल्यू१२३, २४० डी, पुन्हा रस्त्यावर आणायचं काम चालू आहे. इंजिन, ब्रेक आणि पत्रा मार्गी लागले. आता गाडीच्या आतल्या कामाशी येऊन अडलोय. ज्यांनी जुन्या गाड्यांचं इंटिरियर केलंय किंवा करून घेतलंय, त्यांचा सल्ला हवा आहे. गाडी कुठलीही असो, अनुभव चालेल.

आधी जे ठरलंय ते सांगतो. सीटची कव्हरं मूळचीच ठेवणार. एमबी-टेक्स म्हणजे शेवटी विनाइलच, पण शिवणी शाबूत आहेत आणि कुठे चीर नाही. चालकाची सीट मात्र खाली बसली आहे. या सीटांत स्प्रिंगांवर रबर लावलेल्या केसांची गादी असते. तिचा भुगा होऊन तो सीटखाली सांडतो. ती गादी नवीन घालणार, पण तशीच केसांची. साधा फोम कापून भरला की कव्हरवरचा ताण बदलतो, कडेला सुरकुत्या पडतात आणि बसायची उंचीही बदलते. गादी कव्हरखाली झाकलेली असते, त्यामुळे तिथे रिप्रो घालताना मनाला अजिबात टोचत नाही.

कार्पेट नवीन घेणार. खालचं जुनं अस्तर ओल धरून ठेवतं आणि तळाचा पत्रा तिथूनच सडायला लागतो. मूळपणासाठी गंज पोसायची माझी तयारी नाही. सीटबेल्टच्या बाबतीत तर चर्चाच नको. उन्हाने पट्ट्याचे धागे कमजोर होतात आणि ते डोळ्यांना दिसतीलच असं नाही. पट्टे नवीनच.

खरा प्रश्न डॅशबोर्डचा. वरच्या बाजूला काचेलगत तीन भेगा आहेत, एक चांगली लांब. आत फोम आणि त्यावर पीव्हीसीची साल अशी त्याची रचना. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे प्लास्टिसायझर मिसळलेलं असतं, ते उष्णतेने वर्षानुवर्षं उडत राहतं. जुन्या गाड्यांच्या काचेवर आतून जी तेलकट झाक येते, तिच्यात याचाही वाटा असतो. प्लास्टिसायझर गेलं की साल आकसते, कडक होते आणि जिथे ताण जास्त तिथे फाटते. म्हणजे दिसतात तीनच भेगा, पण आकसलेली आहे ती सगळी साल. म्हणूनच लवचिक फिलर भरून, वर दाण्याचा (सालीवरच्या बारीक खडबडीत नक्षीचा) ठसा उमटवून रंग मारायचा हा उपाय पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तरी टिकेल का, अशी शंका वाटते. भरलेली भेग धरून राहील, पण शेजारी नवी पडली तर?

वरून चिकटवायचं कव्हर मिळतं, ते मी बाद केलंय. कडा दिसतात हे एक, आणि नंतर ते काढायचं म्हटलं तर त्याच्या गोंदाबरोबर खालची मूळ सालही निघून येईल.

भंगारात निघालेल्या गाडीचा न फुटलेला डॅशबोर्ड मिळू शकतो. पण तोही याच वयाचा. सावलीत राहिला म्हणून वाचला असेल, तर माझ्या गाडीत ऊन लागल्यावर किती दिवस वाचेल? न वापरलेल्या जुन्या साठ्यातल्या मालाबद्दलही मला हीच धास्ती आहे. खोक्यात राहून धातूचे भाग टिकतात. रबर आणि फोम मात्र पडून पडूनही म्हातारे होतात.

म्हणजे उरले दोन मार्ग. मूळ सांगाडा ठेवून त्यावर फोम आणि साल नव्याने चढवून घ्यायची, किंवा पूर्ण रिप्रो डॅशबोर्ड बसवून मूळचा जपून ठेवायचा. फिवा या जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. तिचा भर आधी जतनावर आहे, आणि बदललेल्या भागावर तो नवा आहे हे कळेल अशी टिकाऊ खूण करावी असं ती सुचवते. त्या दृष्टीने दुसरा मार्ग मला जास्त प्रामाणिक वाटतो. मूळ वस्तूला हात न लावता ती बाजूला राहते आणि कधीही परत बसवता येते. साल नव्याने चढवली की मूळचं जे काही होतं ते कायमचं गेलं.

पण रिप्रोचा एक नमुना मागवून पाहिला आणि पुन्हा विचारात पडलो. रंग गॅरेजच्या दिव्याखाली तंतोतंत जुळतो, बाहेर उन्हात धरला की पिवळट दिसतो. दाणाही उथळ आहे, त्यामुळे चकाकी जास्त. गाडीच्या डेटा कार्डावर (कारखान्यातल्या मूळ नोंदींच्या कार्डावर) अपहोल्स्ट्रीचा तीन आकडी कोड असतो आणि पहिला १ असेल तर एमबी-टेक्स. त्यावरून कारखान्यातून निघतानाची छटा कळते. आजची छटा वेगळीच आहे. सीटच्या पट्टीखाली झाकलेला, ऊन न लागलेला रंग आणि दारांच्या पॅडवरचा उन्हाने विटलेला रंग यांत सरळ फरक दिसतो. जुळवायचं कशाशी? कोडाप्रमाणे घेतलं तर डॅशबोर्ड बरोबर आणि बाकी सगळी गाडी चूक दिसेल. विटलेल्या रंगाशी जुळवलं तर उद्या दारांची पॅडं बदलायची वेळ आली की पुन्हा हाच घोळ. शिवाय ग्लोव्ह बॉक्सचं झाकण हा सुटा भाग असतो, त्यामुळे रंगातला फरक तिथे लगेच नजरेत येतो.

डॅशबोर्ड उतरवायचा म्हणजे इन्स्ट्रुमेंट क्लस्टर (चालकासमोरच्या काट्यांचा संच), हवेच्या जाळ्या, सगळंच सुटं करावं लागतं. मागच्या वायरी आणि नळ्याही तेव्हाच तपासून घेईन. हे काम एकदाच व्हावं अशी इच्छा आहे.

तेव्हा विचारायचं ते असं. साल नव्याने चढवून घेतलेला डॅशबोर्ड कुणाकडे आहे का? काही उन्हाळे काढल्यावर कडांना साल सुटली का, दाणा मूळच्या जवळ राहिला का? कामाच्या दुसऱ्या दिवशीचे फोटो सगळीकडे दिसतात, पाच-सात वर्षांनंतरचे कुणी टाकत नाही. पूर्ण रिप्रो बसवलेल्यांनी फिटिंगबद्दल सांगावं. स्क्रूची भोकं आणि हवेच्या जाळ्यांचे खाचे जागेवर येतात का, की घासून बसवावं लागतं? ऑर्डर देण्याआधी नमुन्यात आणखी काय पाहायला हवं?

आणि भेगा भरून वर्षं काढलेलं कुणी असेल तर त्यांनी आवर्जून लिहा. माझी शंका खोटी ठरली तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल, कारण मग मूळचा डॅशबोर्ड गाडीतच राहील. कुठला फिलर वापरलात आणि गाडी उन्हात उभी असते की छपराखाली, तेही सांगा.