रोमांची गोष्ट, पण पडद्यावर चेहरा कुणाचा?

सांजवात
अलेक्झांडर पेट्रोविच यांचा 1967चा युगोस्लाव चित्रपट पाहिला, पिसांचा व्यापार करणाऱ्या बोरा या रोमा माणसाची गोष्ट. रोमा म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी भारतातून युरोपात गेलेल्या लोकांचे वंशज. कान महोत्सवात त्याला ज्युरींचा मोठा पुरस्कार मिळाला होता. संवाद बरेचसे रोमानी भाषेत आहेत. या भाषेत पाण्याला 'पानी', माणसाला 'मनुश' आणि कानाला 'कान'च म्हणतात. आपल्याच घरातलं कुणी लांबून बोलतंय असं वाटतं. पण नायक बेकिम फेहमिऊ अल्बेनियन! खरे रोमा आहेत ते बहुतेक आजूबाजूच्या गर्दीत. ज्यांची गोष्ट, ज्यांची भाषा, त्यांच्यातला एकही माणूस नायकाच्या भूमिकेला लायक नव्हता? माझं मत स्पष्ट आहे: रोमांची भूमिका रोमांनीच करावी.

पारंबी
अजिबात पटलं नाही. अभिनय म्हणजे दुसऱ्याच्या कातडीत शिरणं. दिग्दर्शक टोनी गॅटलिफ स्वतः रोमा वंशाचे. त्यांच्या 1997च्या 'गाद्जो दिलो' चित्रपटात रोमा नायिकेचं काम रोना हार्टनरने केलं, आणि ती रोमा नव्हती. मग गॅटलिफनाही आपण शिकवायचं का? शिवाय 1967 साली ती भाषा पडद्यावर ऐकू येणं हेच केवढं मोठं होतं!

सांजवात
गॅटलिफ घरचे आहेत. घरच्या माणसाने पाहुण्याला पाटावर बसवणं वेगळं आणि पाहुण्याने घरच्यांना ओट्यावर बसवणं वेगळं.

उंबरठा
तुम्ही दोघंही कॅमेरा बंद होईपर्यंतचंच बोलताय. बोस्नियातल्या नाझिफ मुजिचची हकिकत सांगते. भंगार लोखंड गोळा करणारा रोमा माणूस. बायको सेनादाच्या पोटातलं मूल दगावलं, पण विमा नाही आणि पैसे नाहीत म्हणून दवाखान्याने शस्त्रक्रिया नाकारली. दिग्दर्शक डॅनिस तानोविच यांनी ही बातमी वाचली आणि त्या नवराबायकोलाच घेऊन चित्रपट केला. नट नाहीत. जे भोगलं तेच दोघांनी कॅमेऱ्यासमोर पुन्हा जगून दाखवलं. 2013 साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात नाझिफला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं रौप्य अस्वल, म्हणजे तिथला पुरस्कार, मिळालं.

म्हणजे सांजवातताई, तुम्हाला हवं तसंच झालं ना? पुढे त्याने जर्मनीत आश्रय मागितला, तो नाकारला गेला. पुन्हा तेच भंगार. शेवटी त्याने ते अस्वल विकलं आणि 2018च्या फेब्रुवारीत तो गेला. ज्या शहराने टाळ्या वाजवल्या त्याच्याच देशात त्याला राहायला जागा नव्हती. हे वाचल्यापासून नुसत्या 'प्रतिनिधित्व' या शब्दाने माझं समाधान होत नाही.

पारंबी
पण हा दोष चित्रपटाचा कसा? तानोविच यांनी काय त्याला जन्मभर पोसायचं?

उंबरठा
पोसायचं कोण म्हणतंय? पण ज्याचं दुःख हीच पटकथा, त्याला त्या दुःखाच्या कमाईत कायमचा वाटा हवा. पटकथेवर नाव हवं. नटाला मानधन देऊन मोकळं होता येतं, इथे तसं होता येत नाही.

चिंचबन
आणखी एक. इटलीतल्या 'अ चाम्ब्रा' चित्रपटात (2017) पिओ अमातो हा मुलगा आणि त्याचं कुटुंब स्वतःच काम करतात. सगळे रोमा, आणि काम अस्सल. पण गोष्ट कसली? चोऱ्यांची. बोरा, नाझिफ, पिओ: पिसं, भंगार, चोरी. युरोपात लाखो रोमा आहेत, त्यांत शिक्षक आहेत, वकील आहेत, युरोपियन संसदेचे सदस्यही झालेत. त्यांच्या घरात कॅमेरा का जात नाही? चेहरा रोमा असून पटकथा बाहेरच्यांच्या डोक्यातलीच असेल, तर पारंबी, तुमचं-सांजवातताईंचं भांडण फार वरवरचं आहे.

सांजवात
नाझिफचं ठाऊक नव्हतं. वाचून वाईट वाटलं. उंबरठा, पटकथेवर नाव हवं हे शंभर टक्के मान्य. पण चिंचबन, वरवरचं म्हणू नका. फेहमिऊच्या जागी 1967 साली एखादा रोमा नट उभा राहिला असता, तर त्याच्या मागून आलेल्या पोरांपैकी कुणी दिग्दर्शक झालं असतं, आणि त्या शिक्षकाच्या घरात कॅमेरा त्यानेच नेला असता.