गटसादरीकरणातून मतदान आणि धोरण शिकवायचंय, मुलांना विषय काय देऊ?

राज्यशास्त्राची_मॅडम

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या पंचवटीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला राज्यशास्त्र शिकवते. दरवर्षी गटसादरीकरण असतं. सहा-सात मुलांचा गट, दहा मिनिटं, एकच प्रोजेक्टर. 'मतदान' विषय दिला की स्लाइड ठरलेल्या: शाई लावलेलं बोट, 61 व्या घटनादुरुस्तीने वय 21 वरून 18, 2013 पासून नोटा ('वरीलपैकी कोणीही नाही'चं बटण), आणि शेवटी 'धन्यवाद'. माहिती बरोबर असते, पण सांगणाऱ्यालाही त्यात काही सापडलेलं नसतं आणि ऐकणाऱ्यालाही काही विचारायचं नसतं.

यंदा म्हसरूळहून येणाऱ्या एका मुलीने मागच्या बाकावरून हात वर केला. "मॅडम, आमच्या कॉलनीत पाणी पहाटे साडेपाचला येतं आणि पाऊण तासात जातं. वरच्या मजल्यावर चढतच नाही. आई तेवढ्यासाठी उठून बसते. हे बदलायचं तर कोणत्या निवडणुकीत मत द्यायचं?" समोरचा गट एकमेकांची तोंडं बघायला लागला. एक म्हणाला आमदार, दुसरा म्हणाला खासदार. एक मुलगी म्हणाली, "2022 मध्ये मुदत संपल्यावर महापालिकेत नगरसेवकच नव्हते, मग तेव्हा कोणाला विचारायचं होतं?" तास संपला तरी मधल्या सुट्टीत जिन्यावर तोच वाद चालू होता. इतकी वर्षं शिकवते आहे, राज्यशास्त्रावर मुलं जिन्यात भांडताना मी पहिल्यांदा बघितली.

मला पुढच्या सत्रात सगळे गट अशा प्रश्नांवरच उभे करायचे आहेत. प्राचार्यांची अट आहे की पक्षाचं नाव किंवा चिन्ह येता कामा नये, आणि ती मलाही मान्य आहे. लॅपटॉप दोघा-तिघांकडे, फोन सगळ्यांकडे. मुलांना कुठे पाठवू, काय शोधायला सांगू आणि गुण कशाला देऊ? कोणी करून पाहिलं असेल तर जरूर लिहा.

निवृत्त_केंद्राध्यक्ष

मॅडम, मी शाळेतून निवृत्त झालो. नोकरीभर निवडणुकीची ड्युटी केली, त्यातली बरीच केंद्राध्यक्ष म्हणून. एका गटाला मतदानावर बोलायला न लावता मतदान करून दाखवायला लावा. चार बाक जोडा, पुठ्ठ्याचा आडोसा करा. पहिला मतदान अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्याने वाचतो, दुसरा शाई लावतो आणि रजिस्टरवर सही घेतो, तिसऱ्याकडे मतदान यंत्राचं कंट्रोल युनिट. बाकीची मुलं उमेदवारांचे प्रतिनिधी. सकाळी खऱ्या मतदानाआधी प्रतिनिधींसमोर किमान 50 मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं, मतदान होतं, ते मोजून दाखवून पुसतात. हे मुलांना माहीतच नसतं, आणि यंत्रावरचा संशय किंवा विश्वास बहुतेक वेळा ऐकीव गोष्टींवर असतो.

मग प्रसंग टाका. एक बाई येतात, त्यांच्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलंय. आता काय? लोकसभा-विधानसभेच्या नियमांत त्यांना प्रदत्त मताची कागदी मतपत्रिका मिळते, यंत्रावर मत देता येत नाही. दुसरा प्रसंग: प्रतिनिधी म्हणतो, हा माणूस तो नव्हेच. तेव्हा त्याने दोन रुपये भरून आक्षेप घ्यायचा आणि केंद्राध्यक्षाने तिथल्या तिथे चौकशी करून निर्णय द्यायचा. बाहेर रांग खोळंबलेली असते आणि दोन्ही बाजू तुमच्याकडे बघत असतात. त्या खुर्चीत पोराला एकदा बसवा. त्याला जे समजेल ते दहा स्लाइडमध्ये मावणार नाही.

दोन आयोगांची गल्लत मात्र होऊ देऊ नका. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो, महापालिका आणि झेडपी राज्य निवडणूक आयोग. 2017 ला आपल्याकडे 31 प्रभाग आणि 122 जागा होत्या. 29 प्रभागांत चार-चार, दोनांत तीन-तीन. म्हणजे अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची, आणि शेवटचं बटण दाबल्याशिवाय लांब बीप वाजत नाही. एकच बटण दाबून निघालेल्या आजीबाईंना आत परत बोलवायचं म्हणजे काय, ते ड्युटी केलेल्यांना विचारा. विधानसभेला व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कोणाला गेलं ते दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी सात सेकंद दिसते, महापालिकेच्या मतदानात ते यंत्र नसतं. मुलांच्या स्लाइडवर हे सगळं एकाच चित्रात येतं.

लेखा_विभागातला_माणूस

पाण्याचाच विषय द्या ताई. मी एका नगरपरिषदेत लेखा विभागात होतो, आता नाशिकरोडला राहतो.

गटाला सांगा, नळापासून मागे मागे जा. नळ, मग व्हॉल्व्ह, मग कॉलनीचा जलकुंभ, शुद्धीकरण केंद्र, धरण. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न: इथे निर्णय कोण घेतं? व्हॉल्व्हमन किती वाजता व्हॉल्व्ह सोडतो, नवा जलकुंभ होणार की नाही, पाणीपट्टी किती, हे सगळं महापालिकेचं. गंगापूर धरण मात्र राज्याच्या जलसंपदा विभागाचं. शहराला किती पाणी आरक्षित करायचं हे महापालिका मागते, ठरवते ती नाही. खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणासाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायचं का, हा वाद तर 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यापर्यंत जातो. त्या मुलीच्या पाऊण तासात महापालिका आणि विधानसभा अशी दोन्ही मतं आहेत. कोणता भाग कोणत्या मताचा, हे गटाने नकाशावर दाखवावं.

आणि अंदाजपत्रक उघडायला लावा. सगळं पुस्तक नको, पाणीपुरवठ्याची चार पानं पुरेत. कामाच्या नावापुढे गेल्या वर्षीची तरतूद, सुधारित तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च असे रकाने असतात. तिन्ही आकडे शेजारी लिहून फळ्यावर मांडा. तरतूद मोठी आणि खर्च शून्य असं दिसलं की पोरं आपणहून विचारतात, पैसे होते तर काम का नाही झालं? निविदा निघाली नाही, जागा मिळाली नाही, की मागच्या कामांचं दायित्व फेडण्यातच रक्कम गेली? माझ्या मते धोरण शिकायची सुरुवात इथूनच होते.

प्रक्रियाही दाखवा. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात, 16 सदस्यांची ती समिती बदल करते, मग ते महासभेत जातं. मुदत संपून प्रशासक नेमलेला असताना समिती आणि महासभा दोन्हींचे अधिकार त्याच एका अधिकाऱ्याकडे असतात. तुमच्या विद्यार्थिनीने नगरसेवक नसण्याबद्दल जे विचारलं त्याचं उत्तर हे आहे: प्रश्न विचारायची ती जागाच रिकामी होती.

पाठवायचं तर थेट महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनला नको, पंचवटी विभागीय कार्यालयात पाठवा. कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र, चारच मुलं, प्रश्न आधी लिहून दिलेले. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा झाला तर तो तुमच्या नावाने करा. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, तेव्हा आत्ताच टाका.

सिडकोची_आई

माझा मुलगा अशाच एका गटात होता. एकाने रात्री जागून स्लाइड केल्या, बाकीच्यांनी वाचल्या, गुण सगळ्यांना सारखे. म्हणून सांगते, ज्याने स्लाइड केली नाही त्याला प्रश्न विचारा, आणि कोणाला विचारणार ते चिठ्ठी काढून ठरवा.

दुसरं, मुलांना कार्यालयात पाठवण्याची मला थोडी धास्ती वाटते. कोणी फटकारलं तर ती पुन्हा कधी पायरी चढणार नाहीत. पहिल्या वेळी तुम्ही किंवा एखादे पालक सोबत जा. मी यायला तयार आहे.

लॉ_दुसरं_वर्ष

मॅडम, उपाय सांगणाऱ्या गटाला खर्चही सांगायला लावा. "पाणी दोन वेळा द्या" म्हणणं सोपं आहे. त्यासाठी पाणीपट्टी वाढली तर चालेल का, की रस्त्याच्या कामातून पैसे काढायचे? दोन पर्याय ठेवा आणि सादरीकरणाच्या आधी आणि नंतर वर्गाचं गुप्त मतदान घ्या. किती जणांचं मत बदललं आणि कशामुळे, ही चर्चा मला कॉलेजात मिळाली असती तर फार बरं झालं असतं.

एका गटाला मतदार यादी द्या. महापालिकेसाठी वेगळी नावनोंदणी नसते, विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणे विभागतात. बारावीतल्या मुलांना 17 पूर्ण झाल्यावर नावनोंदणीचा नमुना 6 आगाऊ भरता येतो, आणि आता वर्षात चार अर्हता तारखा आहेत (त्या दिवशी 18 पूर्ण असावं लागतं): 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. माझे दोन मित्र 18 चे होऊनही मतदानाच्या दिवशी घरी बसले, कारण फॉर्म वेळेत गेला नाही.

राज्यशास्त्राची_मॅडम

सगळ्यांचे मनापासून आभार. नळापासून धरणापर्यंतचा गट त्या म्हसरूळच्या मुलीलाच देते. शेजारच्या काकूंच्या नळाची वेळही लिहून आणू का, असं ती आताच विचारतेय. अंदाजपत्रकाचा गट वेगळा, केंद्राचा वेगळा, यादीचा वेगळा. निम्मे गुण प्रश्नोत्तरांना, आणि नाव चिठ्ठीनेच. आधी-नंतरचं मतदान प्रत्येक गटाला सक्तीचं.

सिडकोच्या ताई, तुमची धास्ती रास्त आहे. पहिल्या भेटीला मी स्वतः जाईन, तुम्हीही या. दादा, विभागीय कार्यालयाला द्यायच्या पत्रात प्रश्न चार पुरेत की जास्त?

सर, केंद्राच्या गटाच्या तालमीला तुम्ही याल का? आक्षेपाच्या प्रसंगात प्रतिनिधी कसा हटून बसतो ते मुलांना दाखवायला कोणीतरी अनुभवी हवं.

निवृत्त_केंद्राध्यक्ष

येतो. शनिवारी सकाळी ठेवा. सुतळी, लाख आणि मोहोरेचा जुना नमुना माझ्याकडे आहे, तो घेऊन येतो. पुठ्ठा मुलांना आणायला सांगा.

लेखा_विभागातला_माणूस

चारच ठेवा. पाचवा प्रश्न समोरच्याचं उत्तर ऐकून मुलांना तिथेच सुचू द्या.