मदत हवी आहे: पाचवीची सुरुवातच एकत्र येत नाहीये (तातडीचं)

सरगोटा: सोमवारी सरांसमोर पहिला भाग कंडक्ट करायचाय. घरी आरशासमोर झकास होतं, वादकांसमोर 'ट ट ट टाऽ' फाटतं. एक आधी, एक नंतर. तीन आठवडे हेच. "सराव वाढव" सोडून काहीही सांगा.

फिरस्ता: मुलाच्या स्कॉलरशिपचं काही असेल म्हणून धागा उघडला. कोणाची पाचवी?

सरगोटा: बीथोव्हेनची पाचवी सिम्फनी! आणखी कुणाची?

कोपऱ्यातला_व्हायोला: वाजवतंय कोण?

सरगोटा: दोन पियानो, अर्थात. विद्यार्थ्याला ऑर्केस्ट्रा कोण देतंय?

पुणेरी_ट्रंपेट: आरसा फेका. हेलसिंकीत कंडक्टिंग शिकवणारे योर्मा पानुला विद्यार्थ्यांना ऑर्केस्ट्रापुढे उभं करून चित्रीकरण करायचे आणि तेच त्यांना बघायला लावायचे. मोबाइल लावा, नंतर आवाज बंद करून बघा. वेग तुम्हालाच कळला नाही, तर पियानोवाल्यांना काय कळणार?

आजीचा_पियानो: मोबाइलने काय होतंय? आधी स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहिलेलं संगीत). एक ओळ गायची, दुसरी वाजवायची. क्लॅरिनेट बी फ्लॅटचा, लिहिलंय त्याच्या एक पूर्ण स्वर खाली ऐकू येतो. हे डोक्यात बसलं की हात आपोआप येतो.

पुणेरी_ट्रंपेट: आपोआप? आमच्या वर्गात स्कोअर तोंडपाठ असलेले पहिल्याच बारला (मापाला) बुडालेत.

कोपऱ्यातला_व्हायोला: भांडण नंतर. सरगोटा, तयारीचा हात कसा देता?

सरगोटा: 'एक-दोन' दाखवतो, मग खाली. चुकू नये म्हणून जरा सावकाश.

कोपऱ्यातला_व्हायोला: मग फाटणारच. लिहिलंय २/४ (बारला दोन ठोके), पण वेग मिनिटाला १०८ मिनिम (एक मिनिम म्हणजे इथे अख्खा बार), म्हणजे बारला एकच ठोका. तयारीचाही एकच, त्याच वेगात, श्वासासकट. तुमच्या 'एक-दोन'मधला खरा कुठला, ते दोघे आपापल्या परीने ठरवतायत. शिवाय हात खाली येतो तिथे क्वेव्हरची (पाव बारची) विश्रांती आहे. सम तुमच्या हातात, स्वर समेनंतर. पियानो नको, तोंडाने म्हणा: श्वास, ठोका, 'ट ट ट'. आणि दुसरा फर्माटा (लांबवून धरायचा स्वर) एक बार लांब आहे, तिथे घाई नको.

फिरस्ता: अवांतर: झुबिन मेहता १९५४ साली मुंबईहून व्हिएन्नाला शिकायला गेले, तिथे डबल बेसही वाजवायचे. वडील मेहलींनी १९३५ मध्येच बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभी केली होती.

बुचाची_मूठ: बॅटन (कंडक्टरची काठी) हलकी घ्या. जड मुठीने मनगट भरून येतं.

सरगोटा: बॅटनचं कोणी विचारलं?? असो. रूममेटला टाळ्या वाजवायला बसवलं, दहात सात वेळा जमलं. आता पहिला फर्माटा सोडताना फाटतंय. तोडायचा हात वेगळा द्यायचा का?

कोपऱ्यातला_व्हायोला: नाही. तोडणारा हात तोच पुढची तयारी.

पुणेरी_ट्रंपेट: मी तरी वेगळा देतो.