आमिश प्रेमकथा, सुपरस्टार नायक आणि माझा साफ अपेक्षाभंग

वाचनखूण

चार दिवस लोकलमध्ये जाता-येता एक आमिश रोमान्स वाचत होते (आमिश म्हणजे अमेरिकेतला, आधुनिक जगापासून लांब, जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती समाज), काल रात्री संपली आणि इतकी चिडचिड झाली की लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. कादंबरीचं नाव देत नाही कारण मला एका लेखिकेला झोडपायचं नाहीये, विषयावर बोलायचंय.

गोष्ट थोडक्यात सांगते. अमेरिकेतला एक प्रचंड फेमस कंट्री सिंगर प्रसिद्धीला कंटाळून टूर अर्धवट टाकतो आणि पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीमध्ये एका आमिश शेतकऱ्याकडे येऊन लपतो. त्या घरची १९ वर्षांची मुलगी, तिने त्याचं नावही ऐकलेलं नाही. दोघं प्रेमात पडतात. फोटोग्राफर माग काढत येतात, तिचा फोटो मासिकाच्या कव्हरवर झळकतो, बिशप तिला वाळीत टाकतो, मग हा गिटार विकून टाकतो आणि तीन महिन्यांत लग्न. संपलं!

आता बघा, विषय केवढा मोठा हाताशी आला होता. आमिश लोकांच्या जगण्याच्या मुळाशी गेलासनहाइट नावाची गोष्ट आहे, म्हणजे स्वतःला मागे ठेवणं, देवापुढे आणि समाजापुढे नमणं, तुकोबांनी देवाकडे लहानपण मागितलं त्याच्या जवळचं काहीतरी. गर्व हे त्यांच्याकडे मोठं पाप, म्हणून तर फोटोसाठी पोझ देत नाहीत, मुलींच्या कापडी बाहुल्यांनाही बऱ्याचदा चेहरा नसतो. आणि अशा घरात असा माणूस येतो ज्याचा चेहरा हाच त्याचा धंदा आहे. यातून काय काय काढता आलं असतं! लेखिकेने काय काढलं, तर ती त्याला पाय (म्हणजे फळं भरून भाजलेला तो गोड पदार्थ) बनवून खाऊ घालते आणि तो सूर्यास्त बघतो. अक्षरशः पाट्या टाकल्यात.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? नायक गायक आहे आणि पुस्तकात आमिश गाणं कुठेच नाही. एका रविवारी तो त्यांच्या प्रार्थनेला जातो, तिथे गिटार वाजवतो आणि सगळे रडतात, एवढाच प्रसंग. अहो, त्यांच्या प्रार्थनेत कुठलंच वाद्य नसतं. आउसबुंड नावाचं त्यांचं भजनांचं पुस्तक आहे, त्यातली सगळ्यात जुनी भजनं जर्मनीतल्या पासाउच्या किल्ल्यात कैदेत टाकलेल्या लोकांनी रचली आणि १५६४ मध्ये ती छापली गेली. आजही त्यातूनच गातात. पुस्तकात फक्त शब्द, नोटेशन नाही, चाली पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या. एक जण ओळीचं पहिलं अक्षर उचलतो की बाकीचे सगळे त्यात मिसळतात, सगळे एकाच सुरात, इतकं संथ की दर प्रार्थनेत दुसरं म्हणून गायचं जे ठरलेलं भजन आहे त्याच्या चार कडव्यांना वीसेक मिनिटं लागतात. कुणाचा आवाज वर उठून दिसत नाही, दिसायचाच नसतो. सोळा हजारांच्या स्टेडियममध्ये एकटा गाणारा माणूस या गाण्यात बसला की त्याच्या आत काय होईल? मला ते वाचायचं होतं हो. ते एक प्रकरण असतं तरी मी बाकीचं सगळं माफ केलं असतं.

रातराणी

पटलं नाही, अजिबात नाही. ताई तुम्ही रोमान्स वाचायला घेतली आणि प्रबंध वाचायची अपेक्षा ठेवली. मी या कादंबऱ्या गेली सहा वर्षं वाचतेय, सासूबाईंचं आजारपण चालू होतं तेव्हा रात्री औषधाच्या वेळेपर्यंत जागं राहायला याच पुस्तकांनी साथ दिली. शेवट गोड होणार हे माहीत असतं म्हणूनच तर हातात घ्यायची. त्यात पाय आणि सूर्यास्त हवाच, माझ्यासारखीला त्या दोन पानांतच विसावा मिळतो. तो दिवसभर गर्दीतून पळालेला माणूस स्वैपाकघरात गप्प बसून सफरचंदं सोलतो, त्यात मला तरी सगळी प्रसिद्धी गळून पडलेली दिसली. दर वेळी आउसबुंड कशाला पाहिजे?

ओहायोकर

मी ओहायोतल्या होम्स काउंटीपासून, म्हणजे तिथल्या आमिश वस्तीपासून, तासाभरावर राहतो, सतरा वर्षं झाली, तिथल्या एका सुताराकडून घरचं बरंच फर्निचर करून घेतलंय त्यामुळे थोडं बोलतो. वाचनखूण यांच्या भावना समजल्या पण एक चूक होतेय, "आमिश असं करतात, तसं करत नाहीत" असं सरसकट बोलता येत नाही. साधारण वीस ते चाळीस कुटुंबांचा एक चर्च डिस्ट्रिक्ट आणि प्रत्येकाचं आपापलं ऑर्डनुंग, म्हणजे राहणीचे नियम, बहुतेक ठिकाणी लिहूनसुद्धा ठेवलेले नसतात. लँकेस्टरची बग्गी राखाडी, आमच्याकडची काळी. कुणाकडे फोन शेताच्या टोकाला खोपटात, कुणाकडे वर्कशॉपमध्ये. तेव्हा लेखिकेला थोडी मोकळीक द्यायला हवी.

पण वाळीत टाकण्याबद्दल मात्र मी धागाकर्तीच्याही पुढे जाऊन बोलेन. ती मुलगी १९ ची आहे आणि तुम्ही दिलेल्या गोष्टीत तिचा बाप्तिस्मा झाल्याचं कुठे नाही. यांच्याकडे बाप्तिस्मा लहानपणी होत नाही, मोठं झाल्यावर स्वतःच्या मर्जीने घ्यायचा, सोळाव्या शतकापासून युरोपात यांच्या पूर्वजांचा छळ झाला तो याच आग्रहापायी. त्यांचा माइडुंग, म्हणजे बहिष्कार, हा बाप्तिस्म्यात दिलेला शब्द मोडणाऱ्यालाच लागू होतो. तिने शब्दच दिलेला नसेल तर वाळीत कशी टाकणार? आईबाप दुखावतील, रडतील, पण जेवायला एकाच टेबलावर बसतील. आणि लग्नासाठी दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असावा लागतो, म्हणजे या गायकाला आधी पेनसिल्व्हेनिया डच, म्हणजे त्यांची घरातली जर्मन बोली, शिकायची, प्रार्थनेसाठीचं जर्मन शिकायचं, समाजात राहून दाखवायचं. बाहेरून येऊन टिकलेली माणसं फारच थोडी. तीन महिन्यांत होणारं काम नाही ते.

वाचनखूण

ओहायोकर, बाप्तिस्म्याचं पुस्तकात खरंच कुठेच नाहीये, मी आत्ता परत चाळलं. म्हणजे तिच्यापुढे खरी निवड होती! अजून शब्द दिलेला नाही, दार उघडं आहे, गेली तर आईचं घर तुटणार नाही पण आईचं आयुष्य मात्र तिचं कधीच होणार नाही. ही खरी प्रेमकथा झाली असती. लेखिकेने सगळं ओझं एका दुष्ट बिशपवर टाकलं आणि मुलीला विचारच करू दिला नाही.

चाफेकळी

या बिशपवरून मला वेगळंच म्हणायचंय. सगळे आमिश म्हटलं की शांत, साधे, निर्मळ असं लिहितात आणि तुम्ही दोघंही तेच करताय थोडंफार. आपल्याकडे जातपंचायतींनी माणसं वाळीत टाकली, त्यात घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली, म्हणून महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. मग तिथलं वाळीत टाकणं तेवढं भक्तीचं कसं? आठवीनंतर शाळा बंद, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये यॉडर खटल्यात तसा हक्कच मान्य केलाय. एवढ्या शिक्षणावर ती मुलगी बाहेर पडून काय करणार, याचा विचार कुणी केलाय का? मला तर ही कादंबरी जास्तच गोड वाटली, बिशप अजून कडक हवा होता. बाहेर पडलेली मुलं २०१२ पासून रिअॅलिटी शोमध्ये दिसताहेत, म्हणजे प्रसिद्धीची ओढ त्या घरांतल्या पोरांनाही असते. सेलिब्रिटी बाहेरूनच कशाला आणायचा, त्या मुलीलाच प्रसिद्ध व्हावंसं वाटलं असतं तर?

ओहायोकर

चाफेकळी, शिक्षणाचा मुद्दा मान्य, त्यावर माझं तोंड बंद आहे. फक्त प्रसिद्धीबद्दल एक सांगतो. ऑक्टोबर २००६ मध्ये लँकेस्टरमधल्या निकल माइन्सच्या शाळेत गोळीबार झाला, १० मुलींना गोळ्या लागल्या, ५ गेल्या. जगभरातले कॅमेरे त्या एका छोट्या रस्त्यावर आले. गोळ्या झाडणाऱ्याने स्वतःलाही संपवलं होतं, तर त्याच्या बायकामुलांना भेटायला हे लोक गेले, त्याच्या दफनालाही गेले. आणि दहा दिवसांत ती शाळा पाडून टाकली, तिथे आता नुसतं कुरण. स्मारक नाही, फलक नाही. एवढं जग बघायला आलेलं असताना ज्यांनी असं केलं त्यांच्या घरात हा सुपरस्टार राहतोय, आणि घरातलं कुणी त्याला त्याबद्दल एक शब्द बोलत नाही?

रातराणी

हे वाचून गप्प झाले मी. तरीही माझं म्हणणं सोडत नाही. १९९७ मध्ये बेव्हर्ली लुईस यांच्या 'द शनिंग' या आमिश कादंबरीनंतर या पुस्तकांची लाट आली ती वाचणाऱ्या बायकांमुळे, आणि त्या बायका काही मूर्ख नाहीत. त्यांना माहितीय की खरं जगणं असं नसतं. लेखिका सहसा आमिश नसतात हेही माहितीय. तुम्हाला हवं ते पुस्तक वाचून मी रात्रभर जागी राहीन, आणि मला तेव्हा झोप हवी होती.

पण एक विचारते, ते लग्न तुम्हाला कसं वाटलं? मला तेच सगळ्यात आवडलं होतं.

वाचनखूण

रातराणी, तुमच्या त्या रात्रींबद्दल मी काही बोलणार नाही, तिथे ज्याने साथ दिली ते पुस्तक चांगलंच.

पण लग्न जूनमध्ये आहे, बागेत, गुलाबांच्या कमानीखाली! लँकेस्टरमध्ये लग्नं बहुतेक सुगी संपल्यावर, नोव्हेंबरच्या आसपास, तीही मंगळवारी नाहीतर गुरुवारी, घरीच. तीनचारशे माणसं जेवतात आणि ताटात सेलरी लागते भरपूर, टेबलावरही सेलरीच्या जुड्या उभ्या करतात. म्हणून उन्हाळ्यात कुणाच्या परसात नेहमीपेक्षा जास्त सेलरी दिसली की शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळतं, या घरात यंदा लग्न आहे, कुणाचं ते अजून बोलायचं नाही. गुलाबाच्या कमानीपेक्षा हे जास्त गोड नाही का, तुम्हीच सांगा. आईने कुणाला काही न बोलता सेलरीचे चार वाफे जास्त लावले आणि मुलीने ते खिडकीतून बघितले, एवढं एक वाक्य असतं तर मी ट्रेनमध्ये रडले असते.

एक जागा मात्र खरंच चांगली आहे, मघाशी रागात लिहायची राहिली. ते मासिक घरी येतं तेव्हा ती आपला फोटो बघते, काही बोलत नाही, कव्हर खाली करून ते टेबलावर ठेवते आणि त्यावर पिठाची परात ठेवून मळायला लागते. म्हणजे लेखिकेला येत होतं. मग बाकीची तीनशे पानं अशी का लिहिली?