बोक्याचा आतड्याचा लिम्फोमा, पण व्हायरस टेस्ट निगेटिव्ह?

बोकोबा_१२: आमचा बोका १२ वर्षांचा आहे, खातो भरपूर पण वजन उतरतच चाललंय, पाठीवर हात फिरवला की मणके लागतात, अधनंमधनं उलट्या. सोनोग्राफीत आतडं जाड दिसलं, बायोप्सीत स्मॉल सेल लिम्फोमा (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, यात पेशी लहान असतात), सीडी३ (पेशीचा प्रकार सांगणारी खूण) पॉझिटिव्ह. पण एफईएलव्ही (मांजरांचा ल्युकेमिया व्हायरस) निगेटिव्ह आहे, मग कॅन्सर कसा काय?

रेघोट्या: अहो व्हायरसवाला प्रकार वेगळा. १९६४ ला ग्लासगोत विल्यम जॅरेट या पशुवैद्यक संशोधकांनी तो व्हायरस दाखवला, तेव्हा तरण्या मांजरांच्या छातीत गाठ व्हायची, पाणी साठून धाप लागायची, तोही बहुतेक टी सेलच (टी नि बी हे लिम्फोसाइटचे दोन प्रकार). टेस्टिंग नि लस आली तिथे ते खूप कमी झालं. आता जास्त करून म्हाताऱ्या, निगेटिव्ह मांजरांच्या पोटातच सापडतो. सीडी३ म्हणजे टी सेल, बी सेल असता तर सीडी२० किंवा पॅक्स५ आलं असतं.

व्हेटताई: स्मॉल सेल त्यातल्या त्यात बरा. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) आणि क्लोरॅम्ब्युसिलवर (केमोचं औषध) बरीच मांजरं दोनेक वर्षं छान काढतात, लार्ज सेल मात्र भराभर वाढतो. क्लोरॅम्ब्युसिलची गोळी तोडायची नाही, ग्लोव्हज घालून द्या, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करत रहा. बी१२ बघितलं का?

बोकोबा_१२: कमीच निघालं ताई, इंजेक्शनं चालू केलीत. पण हे आयबीडी (आतड्याची जुनाट सूज) नसेल कशावरून?

व्हेटताई: दोन्ही दिसतात सेम, नुसत्या सोनोग्राफीवर ठरतच नाही. शंका असेल तर पार (PARR) नावाची टेस्ट करा, सगळ्या टी सेल एकाच पेशीची पिल्लावळ आहेत का ते कळतं, पण नुसत्या सुजेतही ती कधीकधी पॉझिटिव्ह येते, त्यामुळे बायोप्सीसोबतच वाचायची.