तिएपोलो यांची ‘मिसर देशाकडे पलायन’ रेखाटने: कच्ची की पूर्ण?

प्रश्न
व्हेनिसचे चित्रकार जांबात्तिस्ता तिएपोलो (१६९६–१७७०) यांनी मरीया, योसेफ आणि बाळ येशू यांची लेखणीने व तपकिरी शाईने केलेली रेखाटने मी सध्या पाहत आहे. चेहऱ्यांच्या जागी दोन-चार वळसे असतात आणि बराचसा कागद कोराच राहतो. ही मोठ्या चित्रांची पूर्वतयारी मानावी काय? तसे मानावे, तर रेषा कुठेच चाचपडत नाही, याचा उलगडा होत नाही.

प्रतिसाद १
माझ्या मते ही स्वतंत्र आणि पूर्ण चित्रेच आहेत. तिएपोलो काळ्या खडूने पुसट आराखडा करून त्यावर लेखणी चालवीत आणि शेवटी पातळ केलेल्या शाईचा कुंचला फिरवीत. येथे पांढरा रंग वापरलेला नसतो. मरीयेच्या मांडीवर पडलेले ऊन म्हणजे कुंचल्याने न शिवलेला कागद होय. एकदा शाई लागलेली जागा पुन्हा उजळत नाही, त्यामुळे छाया कुठे थांबवायची हे कुंचला टेकवण्याआधीच ठरलेले असावे लागते. आपल्याला जो कोरेपणा वाटतो, तोच या चित्रांतला प्रकाश आहे. शिवाय यांतील बरीच रेखाटने त्यांच्या कोणत्याही भित्तिचित्राशी वा तैलचित्राशी जोडता येत नाहीत.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे. मिसर देशाकडे पलायन या विषयाला इतकी रूपे का मिळाली, याचे कारण मूळ कथेतही आहे. बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायातील तीन वचनांत, सारे उरकते: स्वप्नात आज्ञा होते, योसेफ आई व बाळाला घेऊन रात्रीच मिसरकडे (इजिप्तकडे) निघतो आणि बाळाच्या जिवावर उठलेला हेरोद राजा मरेपर्यंत ते तेथे राहतात. चित्रांत हमखास दिसणाऱ्या गाढवाचाही या वचनांत उल्लेख नाही. एवढी मोकळी जागा मिळाल्यावर तिएपोलो यांचे पुत्र दोमेनिको यांनी १७५३ मध्ये जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे याच प्रवासाचे २४ प्रसंग तांब्याच्या पत्र्यांवर अम्लरेखनाने (आम्लाने रेषा कोरण्याच्या पद्धतीने) कोरून प्रसिद्ध केले. त्यांत नावेतून नदी ओलांडणे आहे, तसेच उत्तरकालीन आख्यायिकेतून आलेली, बाळाच्या आगमनाने कोसळणारी मूर्तीही आहे. वडिलांची रेखाटने पाहून झाल्यावर हा संच क्रमाने अवश्य पाहावा. एकच कुटुंब इतक्या वाटांनी चालताना पाहणे मला आजही हेलावून टाकते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्यावर एक रेखाटन पुन्हा उघडले, तेव्हा बाळाच्या डोक्याभोवती कुंचला कसा वळसा घालून गेला आहे, ते प्रथमच दिसले.