मुंबईतून एका दिवसात होणारे ग्रॅव्हल रूट सुचवा, डोंगराकडचे

मुलुंडचा_पेडल:
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आधी ग्रॅव्हल बाईक (कच्च्या रस्त्यांवर चालणारी जाड टायरची सायकल) घेतली, ७०० बाय ३८ टायर (३८ मिमी रुंद), पुढे ४० दात्यांचा एकच चेनरिंग, मागे ११ ते ४२ दात्यांचे गिअर. आत्तापर्यंत घोडबंदर, पाम बीच, येऊर गेटपर्यंत आणि परत असंच चाललंय, म्हणजे ज्या कामासाठी घेतली ते काम अजून सुरूच झालेलं नाही. मला डांबर कमी आणि गावातले, पाड्यातले, डोंगराच्या पायथ्याचे कच्चे रस्ते हवेत, ५० ते ८० किमी, सकाळी निघून संध्याकाळी घरी. गाडी नाहीये त्यामुळे लोकलनेच जाणार. राजमाचीचं नाव सगळेच घेतात, ते कितपत बरं? आणि ३८ चा टायर पुरेल का की आधी ४५ घ्यावा?

घाटपायथा:
राजमाचीपासून सुरुवात नको. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडीला जाणारी जीपवाट पंधरा-सोळा किमीची, रस्ता खरंच भारी आहे पण शनिवार-रविवारी जीपवाले आणि बाईकवाले एवढी धूळ उडवतात की तुम्ही तोंडाला रुमाल बांधून मान खाली घालून चालवणार, मग श्रीवर्धन-मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले बघायचं राहूनच जातं. वर लोणावळ्यापर्यंत सायकल न्यायची कशी हा वेगळाच घोळ, लोकल कर्जत-खोपोलीलाच संपते, एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे, म्हणजे खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळाजवळून जुना घाट चढायचा. आणि कोणी सांगेल की राजमाचीवरून कोंढाणे लेण्यांकडे कर्जतला उतरा, तर ती पायवाट आहे, तिथे सायकल तुमच्यावर बसते. मधल्या वारी सुट्टी मिळाली तर जा.

त्यापेक्षा बदलापूरला उतरा. बारवी धरणाच्या जंगलातून म्हसा, मग धसई, तिथून देहरी. मेन रोड डांबरी आहे हे आधीच सांगतो पण ट्रॅफिक फारसा नाही आणि म्हश्याच्या पुढे आजूबाजूला गावागावांना जोडणारे मुरमाचे रस्ते आहेत, ते धरायचे. तोंड कायम पूर्वेला ठेवायचं, समोर सिद्धगड, गोरखगड, मच्छिंद्रगडाचा सुळका, आहुप्याची भिंत, सगळं एका रांगेत, चुकायला होतच नाही. देहरीत चहा घ्या आणि वळा. फक्त पौष पौर्णिमेच्या आसपास म्हश्याची जत्रा असते, मोठा गुरांचा बाजार भरतो, तेव्हा त्या रस्त्यावर सायकल चालवायची म्हणजे बैलांच्या मागे रांगेत उभं राहायचं. मला ते आवडतं, तुमचं तुम्ही ठरवा.

किमान_४०एमएम:
टायरचं सांगतो. ३८ पुरतो, नवीन घ्यायच्या भानगडीत पडू नका, आधी ट्यूबलेस करा (आत ट्यूब नाही, भोक बुजवणारं पातळ सीलंट) आणि हवा कमी करा. नवीन लोक रोड बाईकच्या सवयीने ६० पीएसआय भरतात आणि मग हात बधिर झाले म्हणून रडतात. सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये पुढे ३२-३५, मागे दोन-तीन जास्त, एवढं बास. ट्यूब असेल तर ४५ च्या खाली जाऊ नका, दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात.

आपल्याकडे मुरूम प्रॉब्लेम नाही, नवीन रस्त्यासाठी पसरलेली काळी खडी प्रॉब्लेम आहे. रोलर न फिरवलेला ताजा बेसॉल्ट, सगळ्या कडा धारदार, सरळ साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, कापतो आणि तिथे सीलंट काही करू शकत नाही. अमेरिकेत कॅन्ससला २००६ पासून ती २०० मैलांची मोठी ग्रॅव्हल रेस होते ना, तिथल्या फ्लिंट हिल्समध्येही गारगोटीने टायर फाटतात हीच रड असते. जुन्या टायरचा बोटभर तुकडा सॅडलबॅगमध्ये ठेवा, आतून लावला की घरी पोचवतो. डिरेलर हँगरही (मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर लटकतो तो छोटा तुकडा) एक जास्तीचा ठेवा, मुरबाडच्या कुठल्याही सायकलवाल्याकडे तुमच्या मॉडेलचा मिळणार नाही.

गिअर ठीक आहे. ४० ला ४२ म्हणजे ६० केडन्सला (मिनिटाला पेडलचे ६० फेरे) ताशी साडेसात किमी. त्याहून हळू गेलात तर उतरून चाला, कोणी बघत नाही.

कसारा_फास्ट:
बदलापूर-म्हसा चांगलंच आहे पण तिथे चढ कुठाय? घाट हवा असेल तर पहाटेची कसारा लोकल पकडा. सीएसएमटीपासून १२० किमीवर लोकल तुम्हाला डोंगरात आणून सोडते, असं दुसऱ्या कुठल्या शहरात आहे मला सांगा. कसाऱ्याहून विहीगाव, तिथून खोडाळा, मग सूर्यमाळ. मुख्य रस्ता डांबरी आणि सलग वरखाली. पण विहीगावनंतर दोन्ही बाजूला पाड्यांकडे फुटणारे लाल मातीचे रस्ते दिसतील, त्यातले काही पुढे परत मुख्य रस्त्याला मिळतात आणि काही एका अंगणात जाऊन संपतात, अंगणात संपले तर हसायचं आणि मागे फिरायचं.

एक अडचण आहे, हे कच्चे रस्ते टिकत नाहीत. ग्रामसडक योजनेत दर वर्षी एखादा पाडा डांबराने जोडला जातो (आणि जायलाच पाहिजे, पावसात बाळंतिणीला झोळीत घालून आणायला लागतं तिथे आमच्या ग्रॅव्हलची काय मातब्बरी) त्यामुळे कोणाची दोन वर्षं जुनी जीपीएक्स फाईल (जीपीएसवर टिपलेला रूट) घेऊन गेलात तर अर्धी राईड गुळगुळीत रस्त्यावर होईल. फाईल दिशेपुरती ठेवा. खोडाळ्याच्या एसटी स्टँडवर विचारा, पण "रस्ता चांगला आहे का" असं नका विचारू, सगळे तुम्हाला डांबराकडेच पाठवतात. "टेम्पो जातो का" विचारा. टेम्पो जातो पण एसटी जात नाही, तो तुमचा रस्ता.

लोकलचं म्हणाल तर मालडब्यातून न्या, लगेजचं तिकीट काढा, पुढचं चाक काढून कोपऱ्यात उभी करा. शनिवारी जा. रविवारी मेगाब्लॉक असतो, परतताना कल्याणला लटकाल.

सायली_ठाणेकर:
वरच्या सगळ्यांनी टायर आणि चढ सांगितले, पाण्याचं कोणीच नाही बोललं. शहापूर आणि मोखाडा, दोन्ही तालुक्यांत फेब्रुवारीनंतर विहिरी तळाला जातात. तानसा, मोडकसागर, भातसा, सगळी धरणं याच भागात, आपण मुलुंडला नळ सोडतो ते पाणी इथलं, आणि इथल्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या असतात. तेव्हा प्लीज कोणाच्या दारात जाऊन दोन्ही बाटल्या भरून मागू नका. कोणी नाही म्हणणार नाही, म्हणूनच मागू नका. तीन लिटर घेऊन निघा, खोडाळ्यात किंवा धसईत दुकानातून विकत घ्या.

दिवाळी ते होळी हाच सीझन. मार्चमध्ये शेतकरी राब भाजतात (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळतात), सकाळी अख्ख्या खोऱ्यात धूर बसलेला असतो, दमा असेल तर टाळा. पळस मात्र तेव्हाच फुललेला असतो. आणि बायकांसाठी, मी मैत्रिणीबरोबर जाते, गावात कधी त्रास झाला नाही. त्रास झाला तो हायवेच्या ढाब्यावर थांबलेल्या गाडीवाल्यांचा, त्यामुळे थांबायचं तर गावातल्या दुकानापाशी. वाडीतली कुत्री मागे लागली तर उतरा आणि सायकल मध्ये धरा, पळवू नका.

विरारला_उतरा:
माझा पण एक. सेंट्रलने जा, वेस्टर्नने या. आटगावला उतरून तानसा, अघई, मग वाटेत विचारत वज्रेश्वरी-गणेशपुरी, शेवटी शिरसाड फाट्यावरून विरार. तानसा धरण १८९२ चं आहे, दगडी भिंत लांबून तरी बघाच. आजूबाजूला अभयारण्य आहे तेव्हा जंगलात शिरणाऱ्या रस्त्यांवर वनखात्याच्या नाक्यावर विचारल्याशिवाय जायचं नाही, आणि पाइपलाइनच्या बाजूचा रस्ता कितीही मोहात पाडणारा दिसला तरी तो महापालिकेचा आहे, परवानगी नसेल तर सोडून द्या. वज्रेश्वरीला गरम कुंडात पाय बुडवा. भिवंडी-वाडा रोडला मात्र चुकूनही लागू नका, गोडाऊनचे कंटेनर आहेत नुसते.

मुलुंडचा_पेडल:
बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. येत्या शनिवारी बदलापूर-म्हसा-देहरी करतो, चढ नाही ते बरंच आहे सध्या. कसारा जानेवारीत. ट्यूबलेस करायला टाकतो उद्या. @घाटपायथा, देहरीला जेवण मिळतं का की डबा न्यावा?

घाटपायथा:
गोरखगडाच्या ट्रेकर्समुळे शनिवारी-रविवारी मिळतं, पण सकाळी जाताना सांगून ठेवावं लागतं आणि तुम्ही तर सरळ दुपारीच उगवणार. डबा न्या. म्हश्यात वडापाव खाऊन घ्या.

किमान_४०एमएम:
आणि ट्यूबलेस केलं तरी ट्यूब न्या. दोन.